पाळकसाहेबांची लाल हनुवटी

आमच्या मंडळीला स्वतःचं चर्च नाही. नेरुळमधल्या एका शाळेचा हॉल आम्ही रविवारी सकाळी भाड्यानं घेतो. शनिवारी त्याच हॉलमध्ये झुंबा असतो आणि रविवारी आमची उपासना संपली की कराटेचा क्लास. त्यामुळे आमचं शेवटचं गीत चालू असताना पांढरे कपडे घातलेली, कमरेला रंगीत पट्टे बांधलेली मुलं दारात येऊन उभी राहतात आणि आमच्याकडे अशा नजरेनं बघतात की भल्याभल्या भक्तिमान माणसांनाही आशीर्वाद उरकून घ्यावासा वाटतो.

अडचण आमच्या पाळकसाहेबांची होती. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला उभा राहिला की घड्याळ त्याच्या खिजगणतीत नसायचं. अब्राहामाला घेऊन ते ऊर नगरातून निघायचे, वाटेत प्रत्येक झाडाखाली थांबायचे, आणि कराटेवाले दारात आले तरी कनानचा पत्ता नसायचा. मूळचे जालन्याकडचे. तिकडे म्हणे लोक बैलगाड्या सोडून बसायचे आणि तीन भाषणं ऐकून उठायचे. आमच्याकडे लोक किती वेळ बसणार ते पार्किंग कुठे मिळालंय यावर ठरायचं.

मी पंच कमिटीत होतो. अजूनही आहे, कारण आमच्याकडे पंच निवडून येतो आणि मग राहतो. कमिटीत चर्चा झाली की पाळकसाहेबांना कुणीतरी सांगायला हवं. सगळ्यांनी सचिवांकडे पाहिलं. आमचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले, इतके गोड गृहस्थ की कर्ज नाकारतानाही समोरच्याला चहा पाजत असणार. ते म्हणाले, सांगणं बरं दिसत नाही, काहीतरी न बोलता कळेल असं हवं. आणि तिथे मी तोंड उघडलं.

मी न्हावा शेव्याच्या बंदरात आयुष्यभर क्रेनच्या वायरिंगची देखभाल केली. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. घरात बऱ्याच सुधारणा करून झाल्या होत्या, त्यातल्या दोन बायकोनं बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावून पूर्ववत करून घेतल्या होत्या. मी म्हणालो, पुलपिटाच्या, म्हणजे पाळकसाहेब ज्याच्यामागे उभे राहून बोलतात त्या लाकडी स्टँडच्या, आत एक छोटी लाल बत्ती बसवतो. समोरच्यांना दिसणार नाही, फक्त बोलणाऱ्याला दिसेल. वायर कार्पेटखालून माझ्या खुर्चीपर्यंत. वेळ झाली की मी बटण दाबीन. पाळकसाहेबांना विचारलं तर तेही खूश झाले. म्हणाले, बरं होईल, मला स्वतःला कुठे थांबायचं ते कळत नाही.

पहिल्या रविवारी मी एक छोटीशी चूक केली. घरात नाताळच्या माळेतला एक लाल दिवा शिल्लक होता, तोच लावला. तो उघडझाप करणारा निघाला. पाळकसाहेब इस्राएल लोकांना घेऊन तांबड्या समुद्राच्या काठावर उभे होते आणि मी बटण दाबलं. त्यांना वाटलं, शॉर्टसर्किट. पण मंडळीत घबराट नको म्हणून बोलणं न थांबवता त्यांनी सगळ्या लोकांना बायकामुलांसकट, गुराढोरांसकट धावत पलीकडे नेलं, फारोला दोन वाक्यांत बुडवलं आणि आमेन म्हणून बाजूला उडी मारली. लोकांना तो संदेश फार आवडला. एवढा जोश पाळकसाहेबांमध्ये आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साधा दिवा बसवला आणि सगळं सुरळीत झालं. वेळ झाली की बत्ती, बत्ती लागली की समारोप, मग गीत, आशीर्वाद, चहा. कराटेवाल्यांनी आमच्याकडे रागानं बघणं सोडून दिलं. एका मुलानं तर मला वाकून नमस्कार केला, त्यांच्या पद्धतीनं. मला माझ्याबद्दल फार बरं वाटू लागलं.

मग कधीतरी असं झालं की सचिव माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागले. एका रविवारी पाळकसाहेब चुकीच्या मार्गानं आलेल्या पैशावर बोलत होते. बंदर, कस्टम, बांधकाम, अशा ठिकाणी काम करणारे बरेच लोक आमच्या मंडळीत आहेत. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. सचिव माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "झाली बहुतेक वेळ." वेळ झालेली नव्हती. पण मी म्हटलं, पाचदहा मिनिटं इकडे तिकडे, आणि दाबलं बटण. पाळकसाहेबांनी खाली पाहिलं, जरा थबकले, आणि मेंढपाळ आपल्याला हिरव्या कुरणात नेतो त्या स्तोत्रावर आले. हॉलनं सुटकेचा श्वास टाकला. चहाच्या वेळी दोघा-तिघांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की आज फार समाधान वाटलं.

यानंतर काय झालं ते एका वाक्यात सांगता येत नाही, कारण झालं असं काहीच नाही. लग्नातल्या मागण्यांवर बोलणं सुरू झालं की बत्ती. घरकामाच्या बाईला वेगळा कप ठेवण्यावर बोलणं गेलं की बत्ती. सचिवांना आता बोलावंही लागत नव्हतं, ते नुसता घसा साफ करायचे. माझं बोट आपोआप जायचं. आणि पाळकसाहेब इतके सराईत झाले की बत्ती लागायच्या आतच त्यांना वळण दिसायचं आणि ते आधीच कुरणाकडे वळायचे. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. उपस्थिती वाढली. पाम बीचच्या बाजूच्या मोठ्या सोसायट्यांतली कुटुंबं यायला लागली. लोक म्हणायचे, पाळकसाहेब हल्ली छान बोलतात. मी मनात म्हणायचो, बटण कुणाच्या हातात आहे ते विचारा.

आता माझ्या मुलीकडे येतो.

माझी मुलगी वाशीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. रविवारी गायनवृंदात गाते. गायनवृंद पुलपिटाच्या डाव्या हाताला, जरा तिरका बसतो. त्याच गायनवृंदात कीबोर्ड वाजवणारा एक तरुण आहे. न्हावा शेव्याला मालाच्या कस्टमची कागदपत्रं सोडवून देणाऱ्या ऑफिसात नोकरी, स्वभावानं शांत, वेळेवर येणारा, निर्व्यसनी. हे सगळं मला माहीत होतं कारण मीच हे चारचौघांत सांगत असे. मंडळीतली तरुण पिढी कशी असावी याचं उदाहरण म्हणून मी त्याचं नाव घेत असे. मग एका संध्याकाळी मुलीनं सांगितलं की तिला त्याच्याशी लग्न करायचंय, आणि माझं उदाहरण माझ्या अंगावर आलं.

तो घरी आला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मूळ गाव कोणतं?"

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आमच्यात जात नाही. हे आम्ही कुणीही न विचारता सांगतो. आमच्यात फक्त चौकशी आहे. गाव कोणतं, मग गावात वस्ती कोणती, मग आजोबांनी बाप्तिस्मा कुठल्या साली घेतला, आणि फार वयस्कर माणूस असेल तर तो हळूच विचारतो की तुमच्याकडची मंडळी पाणी कुठल्या विहिरीवरून आणायची. एवढं कळलं की आम्हाला सगळं कळतं, आणि तोंडातून तो एक शब्द काढावा लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी आम्ही सगळे एकाच पाण्यात बुडवून काढले गेलो, तरी कोण कुठल्या घाटावरून उतरला होता ते आम्ही विसरलेलो नाही.

त्या मुलानं गाव सांगितलं. वस्तीही सांगितली, मी विचारायच्या आधीच. त्याला सवय असावी. मी म्हणालो, छान, छान, आणि विषय क्रेनकडे नेला.

तो गेल्यावर मुलगी समोर येऊन बसली. "पप्पा, हो की नाही?"

मी म्हणालो, विचार करू. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कशाचा? मुलगा तुम्हीच तर गावभर मिरवत होता." मी म्हणालो, घाई काय आहे. घाई होती. त्या मुलाची गुजरातमधल्या बंदराच्या ऑफिसात बदली ठरली होती आणि दोघांना त्याआधी लग्न करायचं होतं. आमच्या पद्धतीत लग्नाआधी तीन रविवार उपासनेत जाहीर सूचना वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. त्यासाठी पाळकसाहेबांकडे जायचं होतं.

मुलगी म्हणाली, "मी पळून बिळून जाणार नाही. रजिस्टर पण नाही करणार. तुम्ही हात धरून नेलंत तरच. पण नाही म्हणायचं असेल तर कारण सांगा. एकच सांगा, पण तोंडानं सांगा."

तोंडानं सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी ब्लडप्रेशरची गोळी घेतली आणि झोपायला गेलो.

दोन-तीन आठवडे असेच गेले. मुलगी माझ्याशी नीट बोलायची, चहा द्यायची, गोळीची आठवण करायची, फक्त हसायची नाही. घरात कुणी ओरडत असेल तर माणसाला उलटं ओरडता येतं. या वागण्यावर काही उपाय नाही.

मग तो रविवार आला. पाळकसाहेबांनी वाचनाला घेतला तो उतारा यहूदी आणि बिगरयहूदी यांच्यातली आडभिंत ख्रिस्तानं पाडली, तो. मला मुळीच शंका आली नाही. भिंतीवरून कुरणात जायला आमच्या पाळकसाहेबांना आता फार वेळ लागत नसे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आपल्या मंडळीत नवीन माणूस आला की आपण त्याला सगळ्यात आधी काय विचारतो? मूळ गाव कोणतं."

माझं बोट बटणावर होतं. सचिवांनी घसा साफ केला नव्हता, ते शांत बसले होते. ते बोट माझंच होतं.

पाळकसाहेबांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, कुणी दिलेला पत्ता बरोबर आहे का ते बघावं तसं. पवित्र शास्त्र मिटलं आणि म्हणाले, आपण प्रार्थना करू या.

त्या दिवशी उपासना इतक्या लवकर सुटली की चहाचं आधण ठेवलेलं नव्हतं. लोक कॉरिडॉरमध्ये उभे राहून एकमेकांच्या कपड्यांची तारीफ करत होते. सचिव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आज विमान पकडायचंय का कुठलं?" आणि गोड हसले. त्यांना माझ्या घरातलं काहीच माहीत नव्हतं.

घरी जेवताना मुलगी म्हणाली, "आज हनुवटी फार लवकर लाल झाली."

मी विचारलं, कसली हनुवटी. तेव्हा कळलं की माझ्या गुप्त बत्तीचा उजेड समोरच्यांना दिसत नसला तरी तिरक्या बसलेल्या गायनवृंदाला पाळकसाहेबांच्या हनुवटीवर पडलेला स्वच्छ दिसतो. पहिल्या दिवसापासून. हनुवटी लाल झाली की ते शेवटच्या गीताचं पान काढतात. कुठल्या विषयावर हनुवटी लाल होते तेही त्यांना पाठ झालेलं होतं. पोरं आपसात पैजा लावायची.

"म्हणजे त्यालाही..." मी म्हणालो.

"त्याच्या कीबोर्डवरून तर सगळ्यात छान दिसतं," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

बायकोनं मला दुसऱ्या दिवशी डबा देऊन पाळकसाहेबांकडे पाठवलं. डब्यात कोंबडीचा रस्सा होता. बायको म्हणाली, माफी मागा किंवा भांडा, पण डबा रिकामा घेऊन या. मी भांडायचं ठरवलं होतं. वाटेत मुद्देही काढले होते: प्रत्येक मंडळीला तिची रीत असते, मुलीच्या बापाला चौकशी करण्याचा हक्क असतो, आणि अशा नाजूक गोष्टी पुलपिटावरून बोलायच्या नसतात.

पाळकसाहेब करावे गावात एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. सोमवार त्यांचा सुट्टीचा दिवस. ते ओट्यावर पाट घेऊन मांदेली साफ करत बसले होते. जालन्याच्या माणसाला आमच्या खाडीकाठानं एवढं तरी शिकवलं होतं. "जय ख्रिस्त, या," म्हणाले, आणि हात खवल्यांनी भरलेला म्हणून कोपर पुढे केलं. मी कोपराशी हस्तांदोलन केलं आणि बसलो.

माझे मुद्दे तयार होते, पण भांडायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी पुरतं ऐकायला हवं. म्हणून मी विचारलं, "काल पुढे काय सांगणार होता?"

त्यांनी एक मांदेलं सावकाश साफ केलं. "पुढे काही नव्हतं," म्हणाले.

मला वाटलं, ते टाळताहेत. तसं नव्हतं. ते म्हणाले की पूर्वी ते आठवडाभर तयारी करायचे आणि बत्तीमुळे निम्मं राहून जायचं. मग वाटायला लागलं की राहणारच आहे तर करायचं कशाला. मग कुठे बत्ती लागेल त्याचा अंदाज यायला लागला, आणि तयारी तिथपर्यंतच होऊ लागली. कालच्या संदेशाचं पहिलं वाक्य लिहिल्यावर त्यांना वाटलं, यावर तर लगेच लागेल. म्हणून पुढे लिहिलंच नाही. प्रार्थना मात्र तयार ठेवली होती.

"अहो, मग बोललात कशाला?"

"बघावं म्हटलं, लागते का." ते पाण्यात हात बुचकळत म्हणाले. "तुमचा राग नाही हो मला. मीच सवय लावून घेतली. बरी वाटते सवय. मंडळी खूश, कमिटी खूश, मला रविवारी दुपारी झोप लागते. पूर्वी नाही लागायची. सैतान बितान कुणी आलं नाही आपल्या मंडळीत. कराटेचा क्लास आला."

मी हसलो. मग हसायचं कुठे थांबावं ते कळेना. भांडायला म्हणून आलो होतो आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. इतका कोंडलेला माणूस दुसरं काय करणार, मी म्हणालो, असं कसं, त्या वाक्यापुढे काहीच नाही असं कसं होईल. ते म्हणाले, तुम्हाला काय वाटतं, काय असेल?

आणि मी सांगायला लागलो. देवाशप्पथ सांगतो, नावं ठेवायला म्हणूनच सुरुवात केली. म्हणालो, तुम्ही म्हणाला असता की गाव विचारणं हे चांगलं, आपुलकीचं आहे, पण गावानंतर आपण वस्ती विचारतो, ती आपुलकी नव्हे. ते म्हणाले, बरं. मी म्हणालो, मग तुम्ही म्हणाला असता की प्रभुभोजनाला आपण एका प्याल्यातून पितो आणि घरी सोयरिकीच्या वेळी विहिरी मोजतो. ते म्हणाले, पुढे? मी म्हणालो, पुढे तुम्ही कुणाचं नाव न घेता अशा एका बापाबद्दल बोलला असता, की ज्याला मुलगा पसंत आहे, घर पसंत आहे, फक्त आपल्या मेलेल्या आजोबांना काय वाटेल याची भीती आहे. आणि ते आजोबा स्वतः कुणाला न विचारता बाप्तिस्म्याला उभे राहिले होते, तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. आणि मग तुम्ही विचारलं असतं, की...

तिथे मी थांबलो. पाळकसाहेब मासे सोडून माझ्याकडे बघत होते.

आतून पाळकीणबाई म्हणाल्या, "हे तर तुमच्यापेक्षा बरं बोलतात."

"वेळ पण पाळतात," पाळकसाहेब म्हणाले.

निघताना मी म्हणालो, बत्ती काढून टाकतो. ते म्हणाले, काढा, पण मला आता जमेल का ते माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला काळजी दिसली. डबा रिकामा करून घ्यायचं मी विसरलो.

घरी येऊन मी मुलीला म्हणालो, त्यांच्या घरी कधी जायचं ते विचार. ती हॉस्पिटलचे कपडे बदलायला निघाली होती, दारातच थांबली. मी कारण सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिनं फक्त माझी बी.पी.ची गोळी आणून दिली, जी मी आधीच घेतली होती. मी पुन्हा घेतली. अशा वेळी नाही म्हणता येत नाही.

तो मुलगा आणि त्याची आई उरणला, मोऱ्याच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहतात. वडील नाहीत. आईनं नर्सिंगच्या नोकरीवर मुलाला वाढवलं. आम्ही रिक्षा करून गेलो, कंटेनरच्या ट्रेलरांच्या मधून वाट काढत. मी नवा शर्ट घातला होता आणि बायकोनं वाटेत सक्त ताकीद दिली होती की क्रेनबद्दल बोलायचं नाही.

आम्ही बसलो. त्या बाईंनी पाणी दिलं. मी कुठून सुरुवात करावी म्हणून घसा साफ केला, हात गुडघ्यांवर ठेवले, प्रसन्न चेहरा केला आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणालो, "मग ताई, मूळ गाव कोणतं आपलं?"

खोलीत काय झालं ते मला सांगवत नाही. बायकोनं डोळे मिटले. मुलगी छताकडे बघत होती. तो मुलगा, जो कधी हसत नाही, त्याचे खांदे हलत होते.

त्याची आई मात्र जराही हलली नाही. म्हणाली, "सांगते ना, भाऊ. गाव सांगते, वस्ती सांगते, विहीरपण सांगते. आधी चहा घ्या. नळाच्या पाण्याचा आहे."

मी चहा घेतला. जीभ भाजली तरी घेतला.

मग तिनं जे म्हटलं ते मला अपेक्षित नव्हतं. मी तिकडे मोठ्या मनानं होकार द्यायला गेलो होतो, वाटेत दोन-तीन वाक्यंही जुळवली होती. ती म्हणाली, "तुमचा होकार आहे ते कळलं. आमचा अजून व्हायचाय." तिला माझी मुलगी पसंत होती, प्रश्न माझा होता. तिचा मुलगा रविवारी घरी येऊन सांगायचा की पंचसाहेब कुठला विषय निघाला की बटण दाबतात. तिनं विचारलं, "उद्या घरात नातवंडं आली. ती मोठी झाली, काहीतरी विचारायला लागली. तेव्हा कुठलं बटण दाबाल?"

मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. आताच तुमच्या दारात आल्याबरोबर काय विचारलं ते तुम्ही ऐकलंत. जुनी खोड आहे, एकदम जाणार नाही. पण पुन्हा विचारलं तर तुम्ही मला सगळ्यांसमोर असंच बोला.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, पेशंट घरी सोडण्याजोगा झालाय का ते बघतात तशी. मग मुलाला म्हणाली, "ताटं घे रे."

जेवणात सुरमई होती. क्रेनबद्दल मी शेवटी थोडं बोललोच.

बत्ती मी काढली. त्याचे परिणाम सगळे गोड झाले असं नाही. पहिल्या रविवारी पाळकसाहेब पायाचं प्लास्टर काढलेल्या माणसासारखे चालले. बोलता बोलता थांबायचे, खाली बघायचे, तिथे अंधार. संदेश लांबला आणि मध्ये मध्ये चक्क कंटाळवाणा होता. दुसऱ्या रविवारी त्यांनी वेगळ्या कपाचा विषय काढला आणि तो शेवटपर्यंत नेला. त्यानंतर दोन कुटुंबं यायची बंद झाली; खारघरला फेलोशिप म्हणवणारी एक नवी मंडळी आहे, तिथे सगळं तासाभरात होतं म्हणे. सचिव काही आठवडे मागच्या रांगेत बसले. कमिटीत त्यांनी गोड शब्दांत सुचवलं की मोबाइलवर काही करता येईल का. मी म्हणालो, मला मोबाइलमधलं कळत नाही. हे बऱ्यापैकी खरं आहे. कराटेच्या सरांकडे मी स्वतः गेलो आणि त्यांचा वर्ग थोडा पुढे ढकलता येईल का विचारलं. ते म्हणाले, हे तुम्ही सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, आमची पोरं तशीही उशिराच उठतात.

लग्नाची सूचना पहिल्यांदा वाचली गेली त्या दिवशी हॉल भरलेला होता. पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली, आईवडिलांची वाचली, आणि मग ते वाक्य म्हणाले, की या विवाहाला कुणाची रास्त हरकत असेल तर त्यानं ती कळवावी. एरवी ते हे वाक्य म्हणून लगेच पुढे जातात. त्या दिवशी थांबले. चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघत थांबले, आणि मला स्पष्ट दिसलं की या माणसाला मजा येतेय.

नेमकी तेव्हाच माझ्या घशात खवखव सुरू झाली. अशा शांततेत मुलीच्या बापानं खोकणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी ओठ दाबले, श्वास रोखला, मुठी आवळल्या. बायकोनं माझ्या दंडाला धरलं. तिला वाटलं, मी उठतोय की काय. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गायनवृंदातून मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिचेही डोळे भरले. पाळकसाहेब आणखी थांबले. मग म्हणाले, "हरकत नाही," आणि मी रुमालात तोंड खुपसून पोटभर खोकलो.

चहाच्या वेळी बायका माझ्या बायकोला सांगत होत्या की बापाचं काळीज शेवटी बापाचंच. उरणच्या विहीणबाईंनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला. सचिवांनी माझा चहा स्वतः आणून दिला. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. आता लग्न होऊन पोरं गुजरातेत सुखानं नांदताहेत, दर रविवारी संध्याकाळी फोन येतो, आज पाळकसाहेब कशावर बोलले म्हणून मुलगी विचारते, आणि मला सगळं ऐकून लक्षात ठेवावं लागतं, कारण ती मधूनच उलटतपासणी घेते.